हातभर मूळ

पानं झडली की आम्ही खणायला निघतो,
जुन्या नदीच्या काठानं. नदी नाही आता,
तिची वळायची सवय तेवढी राहिली आहे जमिनीत.
पुढं ट्रॅक्टर, मागं आम्ही अकरा बायका,
तोंडाला फडकी,
आणि मुकादम झोल्दासबाय, फोनवर कुणाशी तरी
पोत्यांच्या हिशेबावरून भांडत.

बोयान सरळ वर येत नाही.
(तुमच्याकडे ज्येष्ठमध म्हणतात म्हणे.)
ते आडवं पळतं, एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत
आतल्या आत सोयरीक जुळवत.
ओढलं की हातभर येतं, वावभर आत राहतं.
वरून मातीचं, तोडलं की पिवळंजर्द,
चाटलं तर आधी धूळ लागते, मग गोड,
मग बराच वेळ गोडच.

पोती रेल्वेनं जातात. पुढं कुठं
खोकल्याच्या बाटलीत, कुठं सिगारेटच्या चवीत.
मुळाला काय त्याचं.
दर पोत्यामागं एक तुकडा माझ्या बुटात जातो.
झोल्दासबाय त्या वेळी आभाळ बघतो.
त्याचा धाकटाही रात्रीचा खोकतो.

माझं नाव उल्बोसिन. म्हणजे, मुलगा होवो.
तो झाला नाही.
म्हणून वडिलांच्या खोकल्याशी मी बसते.

ते मोयनाकच्या कारखान्यात माशांचे डबे भरायचे.
समुद्र एका दिवसात गेला नाही,
पाहुणा उठता उठता दारात बोलत राहतो
तसा वर्षानुवर्षं जात राहिला.
आता वारा सुटला की समुद्रच घरात येतो, कोरडा:
पिठावर, उशीवर, किटलीच्या झाकणावर,
पेर्देबाय म्हाताऱ्याच्या छातीत.

मूळ ठेचायचं. मोठं भांडंभर पाणी,
निम्मं उरेपर्यंत मंद आच.
घरात गोडसर, जुन्या लाकडाचा वास.
पहिल्या घोटाला ते डोळे मिटतात,
तिसऱ्याला कफ सुटतो,
आणि मग सलग दोन तास झोप.
मी घड्याळात बघून सांगते, दोन तास.
खोकला गेला असं कधीच झालं नाही.
पण दोन तास म्हणजे काय
ते रात्र ज्यानं मोजली त्याला विचारा.

मार्चमध्ये त्यांचे पाय सुजले.
दवाखान्यात सापारगुल डॉक्टरनं नडगीवर बोट दाबलं,
खळगा पडला, तो तसाच राहिला.
रक्तदाब एकशे ऐंशी.
काय देतेस यांना?
बोयान.
किती दिवस?
मी खिडकीकडं बघितलं.
ती रागावली नाही. म्हणाली,
हे मूळ धरून ठेवतं, उल्बोसिन.
बाहेर माती धरतं, आत मीठ धरतं, पाणी धरतं.
बंद कर आता.
गोळ्यांचं नाव लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं
आणि तीच खोकायला लागली,
तळहात तोंडावर, बराच वेळ.
मी आपली चिठ्ठीची वाट बघत उभी.

बाहेर माती धरतं.
घरी येताना डोक्यात तेवढंच.
गेल्या वर्षी आम्ही खणलेला पट्टा
रस्त्यावरून दिसतो. तिथं आता काही उगवत नाही,
दुपारी तिथूनच वारा पांढरा होऊन उठतो
आणि गावाकडं वळतो.
मी मजुरी घेतली त्या पट्ट्याची.
त्यात हा कोट आला.

या वर्षी बुटात काही जात नाही.
डोळा असलेला तुकडा दिसला की
मी तो टाचेनं परत दाबते,
वर थोडी माती, वर पाय.
बाकीच्या दहाजणींनी बघितलं.
एकीनं विचारलं, उगवेल का गं?
मला काय ठाऊक.
झोल्दासबाय म्हणाला, तुझं पोतं हल्ली हलकं भरतं.
आणि आभाळ बघायला लागला.

संध्याकाळी वडिलांपुढं नुसता चहा ठेवते.
ते घोट घेतात, पेला खाली ठेवतात,
माझ्या बुटांकडं बघतात.
आज गोड नाही, म्हणतात.
नाही, म्हणते मी,
आणि खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबते.